माळसोंडचा पवना

वाळलेल्या माळाला आग लागली की आधी धूर दिसतो, असं पुष्कळांना वाटतं. सिताबाईला ठाऊक होतं की आधी आवाज येतो. लांबवर कुणी नवं कोरं लुगडं टराटरा फाडत असावं, तसा. ती परकरात असताना येरमाळ्याच्या वरच्या माळावर तिच्या बापाचा मेंढरांचा वाडा बसला होता, तेव्हा एका दुपारी तिनं तो ऐकला. थोरली बहीण कोकरं वळवायला उताराला गेली होती. तिला उचलून आणलं तेव्हा आईनं सिताबाईचं तोंड आपल्या पदरात दाबून धरलं. त्यामुळं तिनं काही पाहिलं नाही, पण वास पदरातून आत आलाच.

ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नाही. लग्न होऊन धुळाप्पाच्या घरी आली, त्यालाही सांगितली नाही. फक्त स्वयंपाक उरकला की ती चुलीतली लाकडं ओढून त्यांवर पाणी मारायची आणि राखेखाली निखारा कधी ठेवायची नाही. सकाळी शेजारणीकडं विस्तव मागायला गेली की शेजारणी म्हणायच्या, "सिताबाईच्या घरात विस्तवालाबी थारा न्हाय गं बाई."

धुळाप्पा उंच, वाळक्या अंगाचा, कमी बोलणारा गडी. मेंढरांच्या पुढं चालताना तो गवताची काडी तोडून चावायचा आणि कुठल्या उतारावर किती दिवस राहायचं ते ठरवायचा. पोलीस ॲक्शनची धामधूम निवली आणि मागोमाग मेंढरांत देवी आल्या. एकेक जनावर तोंडाला फोड येऊन बसलं, ते उठलंच नाही. उरलेली चार-दोन शेरडं पाहुण्यांकडं सोडून नवरा-बायको माळसोंडला आली.

माळसोंड म्हणजे येडशीच्या अलीकडचं, लहान गाडीचं लहान स्टेशन. एक खोली, एक पत्र्याचं छप्पर, इंजिनाला पाणी पाजायची टाकी, मालाचा धक्का आणि कामगारांच्या चार चाळवजा खोल्या. भोवती नुसता मुरूम. उन्हाळ्यात तो असा तापायचा की कुत्रीसुद्धा रुळाच्या सावलीत पाय ठेवून उभी राहायची. धुळाप्पाला तिथं खलाशाची नोकरी लागली. दिवे पुसायचे, सिग्नलला तेल घालायचं, टाकीवर पाणी चढवायचं, फलाट झाडायचा. मेंढरांमागं हिंडलेल्या माणसाला एका जागी राहणं जड जातं. पहिलं वर्षभर तो रिकाम्या वेळी फलाटाच्या टोकाला उभा राहून रामलिंगाच्या डोंगराकडं बघत बसायचा. सिताबाई त्याला जेवायला हाक मारायची, तर दोन-दोन हाका त्याच्या कानावर जायच्या नाहीत.

स्टेशनमास्तर विष्णुपंत तुळजापूरचे. घरची माणसं तिकडंच, इथं ते एकटे राहायचे. भला माणूस. त्यांना बागेचा नाद होता आणि वर्षातून एकदा मोठे साहेब तपासणीला येत, तेव्हा आपलं स्टेशन नजरेत भरावं अशी हौस होती. त्यांनी गुलाब लावले, झिनिया लावली, जास्वंद लावली. मुरमानं सगळं गिळलं. टाकीचं पाणी इंजिनाचं, ते झाडांना किती घालणार?

"या भूमीत काही जगत नाही रे धुळाप्पा," एक दिवस वाळलेला गुलाब उपटत विष्णुपंत म्हणाले.

"जगतंय की," धुळाप्पा म्हणाला. "तुमी लावत न्हाय ते जगतंय."

"म्हणजे काय?"

"पवना लावू या, मास्तरसायेब."

विष्णुपंत हसले. "गवत? बागेत गवत लावायचं?"

"कार्तिकात बगा आन् मग हासा."

त्या श्रावणात धुळाप्पा रामलिंगाच्या उतारावरून पवन्याची ठोंबं खांद्यावर वाहून आणू लागला. सिताबाईनं बऱ्याच दिवसांनी त्याला असा धावपळीत पाहिला. तो पहारीनं मुरमात खड्डा पाडायचा, तळाला मूठभर लेंडीखत टाकायचा. ठोंब हातानं फोडून त्याचे दोन-तीन भाग करायचा, वरची पात वीतभर ठेवून छाटायचा आणि मुळं मातीसकट खड्ड्यात दाबायचा. ओळीत लावत नव्हता. "मेंढरं कुठं वळीत बसत्यात?" म्हणायचा. लावल्यावर एक हंडा पाणी, आठवड्यानं आणखी एक, मग नाही. "लाड केले की त्ये आळशी व्हतंय. त्येला ऊन पायजे नुस्तं." सिताबाई हंडे भरून द्यायची. नवरा परत माणसात आला म्हणून तिला बरं वाटत होतं. हे गवत आहे, हे तेव्हा तिच्या मनात आलं नाही.

कार्तिकात पवना निसवला. आधी तांबूस, मग जांभळट तुरे. थंडी पडू लागली तसे ते पिकले आणि सगळ्या फलाटाच्या कडेला सोनं हललं. उन्हं कलली की तुऱ्यांच्या केसांत उजेड अडकून राहायचा. गाडी थांबली की लोक खिडकीतून माना बाहेर काढायचे. एकदा सिताबाई रिकामी घागर कमरेवर घेऊन त्यातून चालली होती. तिनं तळवा उघडा करून तुऱ्यांवरून फिरवला. मेंढीच्या कानासारखं मऊ लागलं. तिला हसू आलं. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली, गवत सळसळलं, आणि तिचा हात आपसूक मागं आला.

माघात मोठे साहेब आले. त्यांनी फलाटावरून फेरी मारली, गवतापाशी थांबले आणि विष्णुपंतांच्या पाठीवर हात ठेवला. पुढच्या वर्षी हे सगळीकडं हवं, असा हुकूम सोडून गेले. मालाच्या धक्क्याच्या बाजूला, टाकीभोवती, चाळीच्या मागं, उतारावर, रुळांच्या दोन्ही अंगांना. धुळाप्पाला मदतीला दोन गडी मिळाले. तो रात्री झोपेत गवताची नावं बरळायचा.

दुसऱ्या वर्षी पौषात पहिली ठिणगी पडली. चढ चढताना इंजिन धापा टाकायचं आणि धुराबरोबर निखाऱ्याचे बारके कण उडवायचं, ते आजवर मुरमावर पडून विझत आले होते. त्या दिवशी एक पवन्यात पडला. धुळाप्पानं आणि रूळ दुरुस्त करणाऱ्या ग्यांगच्या माणसांनी ओली गोणपाटं आपटून जाळ मारला. एका खोलीएवढीच जागा काळी झाली होती. माणसं हसत, कपाळ पुसत माघारी गेली. सिताबाई खोलीच्या उंबऱ्यावर बसली होती. हातातली परात तिला खाली ठेवता येत नव्हती.

"अवो, कापून टाका त्ये," जेवताना ती म्हणाली. "वाळलं की कापून टाका. मुठभर बुडखं ऱ्हाऊ द्या. पुढल्या सालाला येतंयच की."

"कापायचं?" धुळाप्पानं घास हातात धरला. "त्येचं रूपच वाळल्यावर येतंय. हिरवं कोण बगतंय? माघात सायेब येनार, त्येच्या आधी कापून त्येला काय बुडखं दावू?"

"आग लागंल."

"म्या हाय की. भवतीनं पट्टा मोकळा करतो."

त्यानं शब्द पाळला. खोल्यांभोवती, धक्क्याभोवती फावड्यानं गवत तासून चांगला बैलगाडी जाईल एवढा पट्टा उघडा केला. सिताबाई रोज तो पट्टा बघून यायची. पवन्याचं बी कुसळाचं असतं. पावलाला चिकटतं, कापडात शिरतं, दमट हवेत आपोआप पीळ घेत मातीत घुसतं. पुढल्या पावसाळ्यात त्या उघड्या पट्ट्यात बारकी हिरवी बोटं वर आलेली तिला दिसली. ती खुरपं घेऊन बसली आणि सगळी उपटली. पंधरवड्यानं परत तेवढीच होती.

मग जिल्हा मुंबई राज्यात गेला, स्टेशनात नवे छापील कागद आले, आणि त्याच्या पुढच्याच साली पावसानं दगा दिला. मृग, आर्द्रा कोरडी. ज्वारी गुडघ्याला लागायच्या आत करपली. विहिरी तळाला गेल्या. बायामाणसं डोक्यावर बिऱ्हाडं घेऊन सडकेच्या कामावर जायला निघाली. सगळं माळरान उघडं पडलं, गुरांनी मुळासकट ओरबाडलं. रेल्वेच्या हद्दीत गुरांना मज्जाव, म्हणून माळसोंडचा पवना तेवढा उभा राहिला. कमी पावसात तो जरा ठेंगणा आला, पण त्या साली त्याचा रंग असा काही उतरला की लोक बघतच राहिले. चहूकडं करपलेलं रान आणि मधेच स्टेशनाभोवती पेटल्यासारखं सोनं. सिताबाईला तो रंग सहन होईना. ती पाण्याला जाताना लांबचा वळसा घेऊ लागली.

पौष सरता सरता गाडीनं कडबा यायला लागला. सरकारी छावण्यांतल्या गुरांसाठी वॅगनी भरभरून पेंढ्या उतरत. त्या धक्क्यावर मावेनात, म्हणून धक्क्याच्या मागं, पवन्याला लागूनच, घराएवढ्या उंच गंजी रचल्या. गाड्या येऊन नेतील तेव्हा नेतील. पेंढ्या वाहायला माणसं लागली. ती मुरुम गावच्या अंगानं आली, बायकापोरांसकट. त्यांनी गवतातच पालं ठोकली. वाऱ्याला आडोसा, बसायला मऊ. तीन दगड मांडून ती तिथंच भाकऱ्या भाजायची.

त्यांत शरणम्मा होती. अंगानं बारीक, बोलण्यात निम्मं कानडी. तान्ही पोर तिनं तीन काठ्यांच्या तिकाटण्याला बांधलेल्या झोळीत टाकलेली असायची आणि ती पेंढ्या वाहायची. भोवती कमरेएवढा पवना, मधे ती झोळी हलत असायची. सिताबाईनं ते पाहिलं आणि ती तडक तिकडं गेली.

"बाई, हितं चूल नगं," ती शरणम्माला म्हणाली. "पोरीला तरी हितं नगं ठिवू."

"मग कुठं ठिवू, अक्का? सगळीकडं ऊन हाय," शरणम्मा म्हणाली. "हितं सावली पडती गवताची."

माघात साहेब आले नाहीत. तार आली की तपासणी पुढं ढकलली. आणखी पंधरा दिवस गेले. फाल्गुन लागला. दुपारी अकरा-बारा वाजले की माळावरून वारा सुटायचा आणि संध्याकाळपर्यंत पत्रे वाजवायचा. दोनदा ठिणग्या पडल्या, दोनदा विझवल्या. दुसऱ्या वेळी गोणपाटं भिजवायला टाकीत पाणी जेमतेम होतं.

सिताबाई डोक्यावर पदर घेऊन विष्णुपंतांपुढं उभी राहिली. एरवी ती त्यांच्याशी बोलायची नाही.

"मास्तरसायेब, तुमी हुकूम द्या. त्ये गवत कापाय सांगा. ह्यांनी माजं आयकत न्हाईत."

विष्णुपंतांनी चष्मा काढला. त्यांनाही झोप लागत नसावी, डोळे तांबारले होते. "सिताबाई, मला काय दिसत नाही का? पण सोमवारी साहेब येणार म्हणून आजच निरोप आला. चार दिवसांचा प्रश्न आहे. ते गेले की त्याच दिवशी कापायला घेऊ. माझा शब्द."

"चार दिस."

"चारच दिवस."

घरी तिनं धुळाप्पाला विचारून पाहिलं. तो उठून बाहेर गेला आणि पवन्यात जाऊन उभा राहिला, कमरेपर्यंत बुडून, पूर्वी मेंढरांत उभा राहायचा तसा. दारातून बघणाऱ्या सिताबाईला वाटलं, हा आता कुणाचं ऐकणार नाही. याला पुन्हा कळप मिळालाय.

शुक्रवारी सकाळी धुळाप्पा ढकलट्रॉलीवर येडशीला तेल आणायला गेला. सकाळची गाडी निघून गेली होती. वारा पडला होता, गवताच्या तुऱ्यावर कुठं हालचाल नव्हती. कापायला आठवडा लागला असता, जाळायला एक सकाळ पुरे होती. सिताबाईनं गोणपाटं भिजवली, लिंबाचे डहाळे तोडले. शेजारणींना म्हणाली, "चला, गवत जाळायचं हाय. पट्ट्यावर हुभ्या ऱ्हावा." हुकूम झाला असेल असं वाटून त्या आल्या. मग तिनं पालं हलवली. शरणम्मा कुरकुरली, तेव्हा सिताबाईनं स्वतः तिकाटणं उचललं आणि गंजीच्या सावलीला, उघड्या मुरमावर नेऊन उभं केलं. झोळी आपल्या हातानं टांगली. पोरीनं डोळे उघडून तिच्याकडं पाहिलं आणि परत मिटले.

विस्तव तिनं शरणम्माच्याच चुलीतून घेतला.

जाळ तिनं नीट लावला. गंजीच्या बाजूनं आधी थोडं थोडं जाळून, मारून, काळी जमीन रुंद करत नेली आणि मगच बाकीच्या गवताला हात घातला. वारा नव्हता. आग गुडघ्याएवढी, मुकाट चालत गेली. तो आवाज आला. सिताबाईनं दात आवळून तो ऐकला आणि डहाळा हाणत राहिली. सूर्य कासराभर वर आला तेव्हा स्टेशनाभोवतीचं सगळं सोनं काळं झालं होतं आणि कुठंही ज्वाळा नव्हती. विष्णुपंत फलाटावर उभे होते. ते धावत आले होते, ओरडलेही होते, पण तोवर अर्धं जळून गेलं होतं. मग तेही गोणपाट घेऊन उतरले. आता ते तिच्याकडं बघत होते. सिताबाई मटकन खाली बसली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिला भूक लागली.

धुळाप्पाची ट्रॉली आली. तो उतरला, तेलाचा डबा खाली ठेवला आणि काळ्या जमिनीकडं बघत राहिला.

"कुणी?"

"म्या."

तो तिथंच रुळावर बसला. तिनं पाण्याचा तांब्या नेऊन त्याच्याजवळ ठेवला. त्यानं घेतला नाही. दोघंही तशीच बसून राहिली. वर ऊन चढत होतं. नेहमीप्रमाणं माळाच्या बाजूनं वारा सुटला. राख उडाली आणि बायकांनी तोंडावर पदर घेतले.

पवन्याचं ठोंब दाट असतं. वरची पात जळून जाते, पण बुडख्यात विस्तव शिरला तर तो आत धुमसत बसतो. बाहेरून काळं, गार दिसतं. अशी किती ठोंबं आत लाल होती कोण जाणे. वाऱ्यानं त्यांतलं एक फुलवलं. राखेतून मूठभर निखारा उडाला, मोकळा पट्टा ओलांडला आणि सगळ्यात शेवटच्या गंजीच्या कुशीत शिरला.

त्या बाजूला ओलं गोणपाट नव्हतं, माणूस नव्हतं. झोळी होती.

शरणम्मा किंचाळली तेव्हा ती धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला होती. सिताबाई उठली, दोन पावलं धावली आणि तिचे पाय जागच्या जागी थिजले. तिला ते उचलता येईनात. तिच्या बाजूनं धुळाप्पा गेला. गंज वरून पेटत पेटत झुकत होती. जळत्या पेंढ्या झोळीवर पडत होत्या. त्यानं त्या हातांनी बाजूला केल्या. एक, मग आणखी एक. झोळीचं कापड पेटलं तेव्हा त्यानं ते मुठींत दाबून विझवलं, पोर छातीशी धरली आणि पाठमोरा बाहेर आला. गंज त्याच्या मागं ढासळली.

पोर वाचली. पायाला थोडं भाजलं होतं, तेवढंच. शरणम्मानं तिला धुळाप्पाच्या हातांतून ओढून घेतलं आणि मग त्या हातांकडं पाहून आणखी मोठ्यानं किंचाळली.

दोन गंजी गेल्या. बाकीच्या वाचल्या, कारण गवत आधीच जळालं होतं आणि आगीला पलीकडं जायला वाट उरली नव्हती. हे नंतर चौकशीत कुणीतरी बोललं. पण गवत जाळलं म्हणूनच आग लागली, हेही त्याच चौकशीत निघालं. चौकशीचे साहेब खुर्चीवर बसले होते.

"आग कशी लागली?"

"लागली न्हाय. म्या लावली," सिताबाई म्हणाली.

"साहेब," मागून विष्णुपंत पुढं झाले, "गवत जाळायला मीच सांगितलं होतं."

सिताबाईनं मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं. ते तिच्याकडं बघत नव्हते. त्यांची बदली झाली, खालच्या जागेवर, लांब कुठंतरी. निघताना वळकटी फलाटावर ठेवून ते तिच्यापाशी आले. "तुम्ही आला होता, त्याच दिवशी मी विळे काढायला लावायला हवे होते," एवढं बोलले आणि डब्यात चढले. शरणम्मानं जाताना धुळाप्पाच्या पायांवर डोकं ठेवलं. सिताबाईच्या पुढून ती पोरीचं तोंड पदरात झाकून गेली.

बार्शीच्या दवाखान्यातून धुळाप्पा परतला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांची बोटं एकमेकांना चिकटून वळली होती. त्याला पेला धरता येईना, धोतर नेसता येईना. सिताबाई त्याला कालवून भरवायची. नव्या मास्तरांनी लिहून पाठवलं आणि तिला स्टेशनापलीकडच्या फाटकावर काम लागलं. गाडी आली की साखळी लावायची, गेली की काढायची.

एक दिवस घास भरवताना तिनं त्याला बहिणीचं सांगितलं. सगळं सांगितलं, पदरातून आलेला वाससुद्धा. धुळाप्पा चावायचा थांबला.

"आदी सांगायचं व्हतंस."

"सांगितलं असतं तर कापला असता?"

खोटं बोलणं त्याला कधी जमलं नव्हतं.

"न्हाय," तो म्हणाला.

तिनं दुसरा घास त्याच्या तोंडात दिला.

आषाढात दोन सरी पडल्या आणि त्यानं तिला हाका मारल्या. तो काळ्या जमिनीत उकिडवा बसला होता. जळक्या बुडख्यांतून पाती वर आल्या होत्या. आधीच्या कुठल्याही सालापेक्षा दाट, ओल्या, हिरव्यागार. "बग," तो म्हणाला. त्याचं तोंड लहान पोरासारखं फुललं होतं. "मेलं न्हाय. जळालं की जोर धरतंय त्ये." सिताबाई बघत राहिली. तिनं एक बुडखा दोन्ही हातांनी ओढून पाहिला, तो हलला नाही.

त्या साली तुरे रंगायच्या आधी तिनं इळा घेतला. फाटकाचं काम सांभाळून एकटीनं सगळं कापलं. धुळाप्पा भिंतीला टेकून बसायचा आणि बघत राहायचा. पुढल्या साली तेच. त्याच्या पुढल्या साली, ती इळा घासत असताना, तो हळूच म्हणाला, "यंदा जरासं ठिव की. भिंतीपाशी. मला बगाय."

तिनं ठेवलं. चार ठोंबं, भोवती खणून उघडी केलेली जमीन, शेजारी पाण्यानं भरलेला रांजण. कार्तिकात ती चार ठोंबं पिकली तेव्हा धुळाप्पा बाज तिथं ओढून घ्यायला सांगायचा आणि वळलेल्या हाताची पाठ तुऱ्यांवर ठेवून पडून राहायचा. सिताबाई फाटकावरून दर थोड्या वेळानं मान उंचावून तिकडं बघायची. अशी पुष्कळ वर्षं गेली. महाराष्ट्र झाला, मास्तर बदलले, ती म्हातारी दिसू लागली.

एकदा सकाळच्या गाडीचा गार्ड कल्याणप्पा सिग्नलसाठी थांबला असताना डब्यातून वाकून ओरडला, "मावशी, तुमच्या गवताचा वंश लई वाढला बगा!"

"कुठला वंश?"

"कडब्याच्या वॅगनींतनं बी सांडत गेलंय जनू. रुळाच्या दोनी अंगाला हाय, पार खालच्या वळणापातूर. काय दिसतंय म्हनून सांगू! आन् यंदा पाऊस न्हाय, कडबा परत यायलाय. तिकडं खालीच उतरवायलेत, वळणावर."

गाडी सुटली. सिताबाईनं साखळी काढली. मग ती घरी गेली, धुळाप्पाला पाणी पाजलं, दुपारची भाकर कुस्करून त्याच्या उशाला झाकून ठेवली. फाटक शेजारच्या बाईवर सोपवलं.

"कुठं चाललीस?" त्यानं विचारलं.

"येते," ती म्हणाली.

माघाचं ऊन होतं. ती रुळाच्या कडेनं चालत गेली आणि पहिलं ठोंब लागलं तिथं वाकली. कापत कापत पुढं सरकत राहिली. ऊन डोक्यावर आलं तेव्हा तिनं कमर धरून मागं पाहिलं. कापलेला तुकडा पसरलेल्या लुगड्याएवढा होता. पुढं उतारापर्यंत, उतारापलीकडं, वळणावरून डोंगराच्या जंगलाकडं, कमरेएवढा पवना पिकून उभा होता. वळणापाशी वॅगनी लागल्या होत्या. माणसं पेंढ्या उतरवत होती, बायका गवत तुडवून पालांसाठी जागा करत होत्या. दोन ठिकाणी चुली पेटल्या होत्या.

"तिथनं उठा!" सिताबाई ओरडली. "उठा तिथनं!" तिनं इळ्याचा हात वर करून हलवला.

वारा तिच्याकडं येत होता, तिचा आवाज पोचला नाही. पालापाशी उभ्या असलेल्या एका बाईनं तिला पाहिलं, डोळ्यांवर हात धरला आणि ओळखीचं कुणी असावं असं वाटून तिनंही हात हलवला.

सिताबाई गवतातून तिच्याकडं चालू लागली.